व्रत सुटेपर्यंत

काजूच्या हंगामाचा वास मला आवडत नाही. इथं लोक या वासाचं कौतुक करतात. परगावी नोकरीला गेलेली मुलं एप्रिलमध्ये घरी आली की एसटीतून उतरता उतरता नाक वर करून म्हणतात, 'आहा, गाव आलं!' मी डिचोलीहून मुळगावला माहेरी जाते तेव्हा खिडकीशी बसले तर काच ओढून घेते. पिकून फुटलेले, मातीत पडून आंबलेले, माशा घोंगावणारे बोंडू, काजूची फळं. त्या गोड, नशिल्या वासात मला रक्ताचा वास येतो, आणि त्याला कारण आहे. हा हंगाम दरवर्षी परत येतो, आणि त्याच्याबरोबर तो एक हंगामही येतो.

आमच्याकडे काजूच्या डोंगरावरून जाताना तहान लागली तर खाली पडलेला बोंडू कुणीही उचलून खावा. डोंगर कुणाचाही असो, कुणी काही बोलत नाही. मात्र खाण्याआधी बोंडवाची बी पिळून काढायची आणि झाडाच्या बुंध्याशी जो दगड असतो त्याच्यावर ठेवायची. बोंडू वाटसराचा, बी मालकाची. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. चालायला लागलो तेव्हापासून आम्ही तसंच करत आलो. संध्याकाळी मालक टोपली घेऊन फिरला की प्रत्येक दगडावर चार-दोन बिया असायच्या आणि त्यांवरून त्याला कळायचं, आज रस्त्यानं माणसं गेली.

काजू हे मुळात मारकुटं झाड आहे. त्याचा चीक हाताला लागला तर कातडी सोलून निघते. ओली बी भाजायला टाकली की ती तडतडून गरम तेल थुंकते. माझ्या मनगटावर त्याचा डाग आहे, आणि आमच्या घरात असा डाग नसलेलं माणूस नाही. बोंडू कोळमीत, म्हणजे दगडी कुंडात टाकून पायांनी तुडवतात. लहानपणी मी ते बघत बसायची. पिवळे, लाल बोंडू पायाखाली फसफसायचे, रस पिंडऱ्यांवर उडायचा, आणि तुडवणारे माझे वडील कुणालातरी तुडवत असल्यासारखे दात आवळून तुडवायचे. तो रस भट्टीवर चढून हुर्राक, पहिल्या धारेची दारू, झाला की मग संध्याकाळी ते खरोखर कुणालातरी तुडवायचे. बहुतेक वेळा आईला.

पाठीच्या दुखण्यामुळं मी योगवर्गाला जायला लागले, तेव्हा हे सगळं माझ्या डोक्यात नव्हतं. डिचोलीच्या बाजारामागच्या सभागृहात सकाळी वर्ग भरतो. शिकवायला पेडण्याहून एक सर येतात, निवृत्त शिक्षक, अंगानं काठीसारखे. पहिला महिनाभर त्यांनी आम्हाला नुसतं वाकवलं. मग एक दिवस म्हणाले, "आसनं तिसऱ्या पायरीवर आहेत. तुम्ही सगळ्या खिडकीतून आत शिरलात. आता दारातून या." आणि त्यांनी पाच यम सांगितले: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. चौथ्या शब्दाला वर्गातल्या सगळ्या बायका भिंतीवरच्या घड्याळाकडं बघू लागल्या. सरांनी तो पटकन उरकला. पण अहिंसेवर ते बराच वेळ बोलले. हातानं मारणं ही हिंसा, तोंडानं मारणं ही हिंसा, आणि मनात मारणं हीसुद्धा हिंसाच. माझ्या शेजारची मला हळूच म्हणाली, "मनांतली धरली जाल्यार हांव सासूक दिसाक धा खेपे मारतां." आम्ही दोघी हसलो. मला हसता हसता एकदम भाईचे हात दिसले.

भाई माझा थोरला भाऊ. खाणी चालू होत्या तेव्हा तो स्वतःचा ट्रक चालवायचा. त्या काळात डिचोलीच्या रस्त्यावर लाल धूळ आणि ट्रकांची रांग याशिवाय काही नसायचं. पावसाळा येण्याआधी जास्तीत जास्त खेपा मारायच्या म्हणून माणसं पिसाळलेली असायची. रांगेत कुणी पुढं घुसला तर शिव्या, मग काचा, मग डोकी. एकदा भाईनं जॅकच्या दांड्यानं एका ड्रायव्हरचा जबडा मोडला आणि त्याच दांड्यानं परत ट्रकचं टायर बसवून खेप पुरी केली. हे त्यानंच घरी येऊन सांगितलं, जेवता जेवता. त्या ट्रकवर दुसऱ्या पाळीला विनू असायचा, आमचा चुलतभाऊ. भाई उतरला की विनू चढायचा, सीट गरमच असायची. दोघं एका ताटात जेवलेले. मग खाणी बंद पडल्या. ट्रक अंगणात उभा राहिला आणि त्याच्या टपावर भोपळ्याचा वेल गेला. भाई तो विकेना, आणि चालवायला रस्ता उरला नाही. दिवसभर बाकावर बसून तो ट्रककडं बघायचा. तेव्हापासून त्याच्या हातांना काम नव्हतं, आणि बिनकामाचे हात कसे असतात ते वहिनीच्या भुवईवर दिसतं. तिथं आडवा व्रण आहे. त्यानं तांब्या फेकून मारला होता. कुणी विचारलं तर वहिनी म्हणायची, "न्हाणींत पडलें." मी विचारलं तरी हेच. पाच यमांतला दुसरा सत्य, आणि माझी वहिनी रोज सकाळी त्याच्यावर पदर ओढून उठत होती.

ट्रक उभा राहिल्यावर काजूचा डोंगर तेवढा राहिला. आजोबांचा डोंगर वडिलांकडं आला, वडिलांकडून भाईकडं. विनूच्या बापाला वाटणीत दुसरीकडचं शेत मिळालं होतं, ते खाणीच्या चिखलानं भरलं. विनू म्हणायचा, "डोंगर आज्याचो. म्हजोय वांटो आसा." आधी थट्टेत म्हणायचा, मग हुर्राक पोटात गेल्यावर, आणि मग कोरड्या तोंडानं.

त्या हंगामात दगड रिकामे राहू लागले. भाई संध्याकाळी टोपली घेऊन जायचा आणि प्रत्येक झाडाखाली बोंडवांचा खच पडलेला असायचा, बिया मात्र पिळून नेलेल्या. दगडावर एक नाही. बोंडवांवरून तर कळत होतं की कुणी खाल्लेसुद्धा नव्हते, फक्त बी काढून फेकून दिले होते. हे बघून भाईला जे झालं ते मी सांगू शकत नाही. चोरी आमच्याकडे पूर्वीही व्हायची, पण दगड रिकामा कुणी ठेवत नसे. जो चोर असायचा तोही लाजेकाजेस्तव दोन बिया ठेवून जायचा.

भाईनं ट्रकच्या क्लचची तार काढली. त्या तारेचे फास केले आणि झाडांमधल्या पायवाटेवर लावले. रानडुकरासाठी लोक फास लावतात तो वेगळा असतो, डुकराच्या मानेच्या उंचीचा. हे फास घोट्याच्या उंचीचे होते. वहिनीनं ते पाहिलं आणि मला फोन केला. ती फोनवर काही बोललीच नाही, नुसती श्वास घेत राहिली. मी दुसऱ्या दिवशी गेले. मी पोचायच्या आधी फासात मोती सापडला होता. मोती भाईचाच कुत्रा, ट्रकमधून त्याच्याबरोबर फिरलेला. पळत येताना पुढच्या पायांनी आणि मानेनं तो तारेत घुसला होता आणि सुटायला म्हणून त्यानं एवढी ओढाओढ केली होती की तार मांसात गेली होती. तो ओरडत नव्हता. घशातून फक्त हवा जात होती. भाई त्याच्यापाशी गुडघ्यावर बसला, त्याच्या डोळ्यांवर डावा हात ठेवला आणि उजव्या हातानं कोयता घातला. एकच घाव. मग त्यानं तो कोयता काजूच्या पाल्याला पुसला आणि मला म्हणाला, "हें विनून केलां."

मी म्हणाले, "फास तू लावलास."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी दोन पावलं मागं झाले. मी घाबरट बाई नाही. घरात माझ्या आवाजानं मांजर माळ्यावर चढतं. पण त्या दिवशी मला माझ्या सख्ख्या भावाची भीती वाटली.

मग तीन-चार दिवसांनी त्यानं विनूला धरलं. भरदुपारी, विनूच्या खांद्यावर अर्धी भरलेली पिशवी होती. बोंडू पाडायची लांब काठी भाईच्या हातात होती, ती मोडेपर्यंत त्यानं मारलं आणि मोडल्यावर उरलेल्या तुकड्यानं मारलं. विनूनं डोकं वाचवायला डावा हात वर धरला, तो कोपराखाली दोन ठिकाणी मोडला. वाळलेल्या पाल्यावर रक्ताचे थेंब पडले की टपटप आवाज येतो, हे मला विनूची बायको सुलू हिनं सांगितलं. ती गडग्यापलीकडून, चिऱ्यांच्या त्या कमरेएवढ्या कुंपणापलीकडून बघत होती. पोलिसांत कुणी गेलं नाही. घरचं प्रकरण, असं दोन्ही घरं म्हणाली.

मी भाईला जाऊन अहिंसा सांगितली. आता आठवलं की मला माझंच हसू येतं. नवं नवं शिकलेलं माणूस जसं बोलतं तशी मी बोलले: हाताची हिंसा, तोंडाची हिंसा, मनाची हिंसा. भाई मुकाट ऐकत होता आणि दगडावर कोयता घासत होता. पाणी टाकायचा, घासायचा, अंगठ्यानं धार बघायचा. मी थांबल्यावर म्हणाला, "तुज्या सराक हांगा हाड. म्हज्या जाग्यार बसय. आनी मागीर पळय कितले दीस तो हात बांदून बसता ते."

एवढ्यात व्रताचे दिवस आले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लईराई देवीच्या जत्रेला जे निखाऱ्यांवरून चालतात त्यांना धोंड म्हणतात. हे धोंड जत्रेआधी काही दिवस घर सोडून एकत्र राहतात. थंड पाण्यानं आंघोळ करायची, स्वतः रांधून खायचं. मासे नाहीत, मांस नाही, दारू नाही. शिवी द्यायची नाही, हात उचलायचा नाही. हातात रंगीत गोंड्यांचा वेत असतो. तो वेत हातात असलेला माणूस देवीचा असतो, मग तो इतर दिवशी कसाही असो. आमच्या वडिलांनी हे व्रत केलं. वर्षातले तेवढे दिवस माझी आई निर्धास्त झोपायची. वडिलांच्या मागं भाईनं घेतलं. सर अहिंसा सांगायला लागले तेव्हा मला हेच आठवायला हवं होतं, पण आपल्या घरात असलेल्या गोष्टीला कुणी शास्त्राचं नाव दिलं की ती ओळखू येत नाही.

आमच्या वाड्यातल्या धोंडांचा मांडव डोंगराच्या पायथ्याशी, झरीजवळ असतो. तिथून आमची काजूची झाडं दिसतात. आणि व्रताच्या पहिल्याच दिवशी विनू डोंगरावर आला.

तो लपून आला नाही. सकाळी दहाला, सगळ्यांच्या देखत, गळ्यात बांधलेला मोडका हात घेऊन आला. उजव्या हातानं बोंडू उचलायचा, तो दातांत धरून बी पिळून काढायचा, पिशवीत टाकायचा आणि बोंडू मांडवाच्या दिशेनं फेकायचा. बोंडू येऊन मांडवापुढं फुटत होते. त्याला नियम ठाऊक होता. लहानपणापासून आमच्याच वडिलांच्या हातात वेत बघितलेला माणूस तो. वेत हातात असेपर्यंत भाई आपल्याला हात लावू शकत नाही हे त्यानं बरोबर हेरलं होतं. दुसऱ्या दिवशी तो झरीपर्यंत खाली उतरला. मी त्या दिवशी धोंडांसाठी केळी घेऊन गेले होते. विनू दहा हातांवर येऊन उभा राहिला आणि ओरडला, "मार मरे भाई! उखल हात, पळोवया! म्हजो एक हात उरला, तोय मोड!"

भाई उठला. वेताचे गोंडे हलत होते. बाकीचे धोंड त्याच्या आजूबाजूला उभे राहिले, पण त्याला कुणी धरलं नाही. धरलं असतं तर ते व्रत त्यांचं झालं असतं. विनू आणखी पुढं आला आणि भाईच्या पायांपाशी थुंकला. भाईनं डावा हात तोंडाशी नेला आणि मनगटाच्या वर स्वतःचंच मांस चावलं. तो चावत राहिला. हनुवटीवरून रक्त धोतरावर आलं तरी त्यानं जबडा सोडला नाही. त्याचे डोळे विनूवर होते. विनू ते बघून मागं सरकला, मग वळला आणि चालायला लागला. मला वाटलं होतं तो हसेल. तो हसला नाही.

मग भाईनं हात तोंडातून काढला आणि विनूच्या पाठीकडं बघत अगदी शांत आवाजात म्हणाला, "व्रत सुटूं दी."

त्या तीन शब्दांनी पुढचे दिवस गावाची झोप उडवली. भाई बोलतो ते करतो, हे सगळ्यांना माहीत होतं. पोदेराची सायकल सकाळी पाव, उंडे घेऊन यायची तेव्हा बायका दारात थांबून कुजबुजायच्या. विनूला आता कळलं होतं आपण काय करून बसलो ते. तो घराबाहेर पडेना. सुलू गडग्याशी येऊन वहिनीला म्हणाली, "वयनी, तो आमकां मारतलो गो." वहिनीनं तिला काय सांगायचं? तिच्याच घरात आढ्याच्या वाशाला धार लावलेला कोयता खोचलेला होता. आमच्याकडे जत्रा झाल्यावर माशांच्या जेवणानं व्रत सोडतात. म्हणजे विनूचं आयुष्य किती उरलं हे बाजारात बांगडा कधी मिळतो त्याच्यावर होतं. मी त्या दिवसांत वर्गात श्वास आत घेतला की तो बाहेर सोडायला विसरत होते.

जत्रेला भाई निखाऱ्यांवरून चालला आणि दुसऱ्या दिवशी घरी आला. पाय काळे, गळ्यात सुकलेला मोगरा, डाव्या हातावर दातांचा निळा गोल. त्यानं वेत देव्हाऱ्यात ठेवला. आंघोळ केली. पाटावर बसला. रीत म्हणून वहिनीनं बांगड्याची आमटी केली होती. न करावी तर तो विचारणार, आणि केली तर ती काय वाढत होती हे तिला माहीत होतं. वाढताना रस ताटाबाहेर सांडला. समोर वाशाला कोयता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. पलीकडच्या घरात सुलूचं मूल रडत होतं आणि तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला असावा, कारण ते मध्येच गप्प झालं.

भाईनं ताटाकडं बघितलं. मग वर कोयत्याकडं बघितलं. बोटं भातावर टेकलेली. शेवटी त्यानं ताट सरकवलं.

"आयज नाका," तो म्हणाला. "लोणचें दी."

दुसऱ्या दिवशीही लोणचं. तिसऱ्या दिवशी सोलकढी आणि वांगं. चौथ्या दिवशी मासेवाली दारात आली तेव्हा भाई स्वतः उठून तिला म्हणाला, "आमकां नाका." तेव्हा कुठं आमच्या लक्षात आलं की तो काय करतोय. व्रत सुटलं की मारीन, असा शब्द त्यानं दिला होता. शब्द मोडणं त्याच्या स्वभावात नव्हतं आणि मारायचं नाही एवढं बळही त्याला स्वतःच्या अंगात दिसत नव्हतं. म्हणून तो व्रतच सोडत नव्हता.

गोव्याच्या माणसानं मासे सोडणं म्हणजे काय ते बाहेरच्याला कळणार नाही. आमच्याकडे सुतकातसुद्धा माणसं दिवस मोजतात ते नुस्त्यासाठी, मासळीसाठी. भाई तर सुक्या बांगड्याचा तुकडा असल्याशिवाय पेज न पिणारा. तो हंगाम गेला, गणपतीची चवथ गेली, पाऊस गेला, पुढचा हंगाम आला. भाई लग्नांत पंगतीच्या टोकाला शाकाहारी भटजींबरोबर बसू लागला. लोक थट्टा करायचे. तो खाली मान घालून डाळ भुरकायचा. घरात माशाचा वास आला की बाहेर ट्रकपाशी जाऊन उभा राहायचा. एकदा त्याला मी ट्रकच्या दाराला डोकं टेकून उभा पाहिलं. मुठी वळलेल्या. मला वाटतं त्याला त्या क्षणी माशाची भूक लागली होती की विनूच्या रक्ताची, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

या काळात त्यानं वहिनीवर हात उचलला नाही. व्रतात हात उचलत नाहीत, आणि त्याचं व्रत चालू होतं. वहिनी पहिले काही महिने तांब्या हातात दिसला की मान आत ओढायची. मग हळूहळू ती सवय गेली. गेल्या वर्षी शेजारणीनं तिला भुवईबद्दल विचारलं तर माझ्या देखत ती म्हणाली, "घोवान मारिल्लें." भाई तिथंच बसला होता. तो उठून गेला नाही. मला त्या दोन शब्दांसाठी वहिनीच्या पाया पडावंसं वाटलं.

आणि सुलू. ती रोज संध्याकाळी गडग्याशी यायची आणि विचारायची, "वयनी, भाईन नुस्तें खाल्लें?" वहिनी म्हणायची, "ना गो." मग ती जाऊन दिवा लावायची. दुसऱ्या बायका पाऊस पडेल का विचारतात, तसं हे विचारणं चालू होतं. विनूचा हात वाकडा बसला. त्यानं आमच्या डोंगरावर परत पाय ठेवला नाही, आणि दगडांवर पुन्हा वाटसरांच्या बिया दिसू लागल्या.

मी हे सगळं सरांना सांगितलं. खरं म्हणजे भांडायलाच गेले होते. म्हटलं, "सर, मनात इतकी हिंसा ठेवून वर्षानुवर्षं डाळ खाणं, हे तुमच्या अहिंसेत बसतं का?" सर सतरंजी गुंडाळत होते. म्हणाले, "पुस्तकाप्रमाणं बसत नाही. अहिंसा पक्की झाली की आजूबाजूचं वैरच गळून पडतं म्हणतात." मग सतरंजी काखेत घेऊन जिना उतरता उतरता थांबले. "तुमचा विनू जिवंत आहे ना?" मी म्हटलं, आहे. "मग डाळ खाऊ द्या त्यांना," ते म्हणाले.

तेव्हापासून मला त्या पाच यमांची भीती कमी झाली आहे. पूर्वी वाटायचं, ती शांत माणसांची मिळकत आहे, ज्यांना राग येतच नाही त्यांची. शांत माणसाला यम कशाला लागतात? बांध घालायचा तो ओढ्याला, कोरड्या शेताला कुणी बांध घालत नाही. माझ्या अंगात वडिलांचं रक्त आहे. मला भर बाजारात गाडी अंगावर घालणाऱ्याची मानगूट धरावीशी वाटते. नवऱ्यानं एकच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली की हातातली कुलेर, म्हणजे चमचा, फेकावीशी वाटते. हल्ली मी ती खाली ठेवते. ठेवताना आवाज होतो, पण ठेवते.

यंदा हंगाम लवकर आला. मी रविवारी माहेरी गेले आणि भाईबरोबर डोंगर चढले. त्याचे केस पांढरे झालेत. वास तोच. गडग्याजवळच्या पहिल्या झाडाखाली भाई थांबला. तिथल्या दगडावर बियांचा लहानसा ढीग होता. ताज्या, ओल्या, बोंडवाचा गर अजून चिकटलेला. इतक्या बिया एका वाटसराच्या नसतात. आणि झाडापलीकडं, आमच्या हद्दीत, विनू खाली बसून बोंडू खात होता. रस हनुवटीवरून गळत होता. आम्हाला बघून तो उठला नाही. उठावं की पळावं हे त्याला ठरवता येत नव्हतं. वाकडा हात त्यानं अर्धवट वर केला. तो डोकं वाचवायला वर केला होता की ओळख द्यायला, मला कळलं नाही.

"तान लागल्ली रे भाई," तो म्हणाला.

भाई तसाच उभा. त्याच्या मानेवरच्या शिरा मी मोजू शकले असते. पायाखाली पाला होता आणि त्यावर रक्ताचे थेंब कसे वाजतात हे सुलूनं सांगितलेलं मला आठवत होतं. मग भाई वाकला, दगडावरच्या बिया दोन्ही हातांनी गोळा केल्या, टोपलीत टाकल्या.

"खा," तो म्हणाला आणि पुढच्या झाडाकडं गेला.

घरी आल्यावर त्यानं पाय धुतले आणि ओट्यावरूनच वहिनीला सांगितलं, "आयज नुस्तें कर."

वहिनीच्या हातून ताट पडलं. ती माझ्याकडं बघायला लागली. मी डोंगरावर काय झालं ते तिला सांगायला तोंड उघडलं, पण मला तरी काय माहीत होतं? त्यानं विनूला खा म्हटलं हे खरं. पण व्रत सुटलं की मारीन, हाही त्याचाच शब्द. वहिनीनं स्टुलावर चढून वाशातला कोयता काढला, पदराखाली घेतला आणि आत जाऊन तांदळाच्या पिंपात खोल घुसवला. वर तांदूळ सारखे केले. मग मासेवालीला हाक मारली.

बांगडे तव्यावर पडले आणि वास गडग्यापलीकडं गेला. सुलूनं आज विचारायला यायची वाट पाहिली नाही. त्यांच्या खिडकीचं जनेल धाडकन बंद झालं, मग दुसरं, मग दाराला अडसर पडल्याचा आवाज आला. भाईनं तो आवाज ऐकला. पाटावर बसताना त्याची मान त्या दिशेला वळली आणि तशीच राहिली.

तो जेवला. पहिला घास घशाखाली जाताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यानं पुसलं नाही. त्यानं बांगड्याचा काटा न् काटा चोखला, डोकं फोडून चोखलं, ताटाच्या कडेला काट्यांची रास केली. आम्ही दोघी उभ्याच होतो. जेवण झाल्यावर त्यानं नजर वर केली. वाशाला कोयता नव्हता.

"कोयतो खंय लिपयला?"

भाईनं स्वयंपाकघरावर एकदा नजर फिरवली. पिंपाच्या झाकणावर तांदळाचे चार दाणे सांडले होते. तो त्या दाण्यांकडं बघत राहिला. त्याच्या डाव्या मनगटावरचा दातांचा गोल पांढरा पडलाय, पण अजून दिसतो.

"आसूं दी थंयच," तो म्हणाला. "हांवें मागलो तरी दिवं नाका."

मग त्यानं ताट पुढं केलं, आणि वहिनीनं त्याला दुसरा बांगडा वाढला.